आहाराचा उपदेश आणि आहाराची सवय

अलीकडे आपल्या मासिकांत, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत आणि पाककृतींच्या पुस्तकांच्या प्रस्तावनांत एक नवा लेखनप्रकार रुजू पाहत आहे. त्यास शाश्वत आहाराचे वाङ्मय म्हणावयास हरकत नाही. आपण जे खातो त्यापायी भूमीचा कस, नद्यांचे पाणी आणि हवेचा समतोल किती खर्ची पडतो हे वाचकास समजावून द्यावे आणि त्याने आपले ताट त्या मानाने बदलावे असा उपदेश करावा, हे या लेखनाचे प्रयोजन होय. हेतू निर्विवादपणे चांगला आहे. परंतु चांगला हेतू हा ग्रंथपरीक्षणात पुरेसा गुण मानला जात नाही. जे लेखन मनुष्याची एक सवय बदलू पाहते, त्याने प्रथम त्या मनुष्याचे व त्याच्या सवयीचे यथार्थ चित्र काढले आहे की नाही, हे पाहणे टीकाकाराचे काम आहे. त्याच कसोटीवर या वाङ्मयाची परीक्षा करण्याचा येथे विचार आहे.

आरंभीच एक गोष्ट मान्य करावयास हवी. या वाङ्मयाने सांगितलेली माहिती बहुतांशी खरी आहे. मानवाच्या हातून वातावरणात जाणाऱ्या उष्णतावर्धक वायूंपैकी चतुर्थांश ते तृतीयांश भाग अन्न पिकविणे, वाहणे, शिजविणे व टाकून देणे या व्यवहारातून येतो, असे शास्त्रज्ञांचे अंदाज आहेत. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आश्रयाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने मनुष्याचे आरोग्य आणि पृथ्वीचे आरोग्य या दोहोंस मानवेल असा आहार सुचविला. त्यात अखंड धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे यांस अग्रमान आहे आणि गोमांसादी मांसास अगदी थोडी जागा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातला सुमारे ६० टक्के भाग घराघरांतून टाकला गेला. आपल्याकडे पाहावे तर नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते नावापुरतेच. शिवाय नाचणी डोंगराच्या वरकस जमिनीवर पावसाच्या पाण्यावर येते. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले ते याच कारणांसाठी.

माहिती खरी, पण ती ज्याला सांगावयाची तो मनुष्य मात्र या लेखनात खरा उतरलेला नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. या वाङ्मयात वावरणारा 'ग्राहक' हा एक विलक्षण प्राणी आहे. तो एकटा असतो. दुकानात उभा राहून तो एका हाती किंमत, दुसऱ्या हाती आरोग्य आणि मनात पृथ्वीचे हित घेऊन वस्तू तोलतो, आणि योग्य ती उचलतो. योग्य ती न उचलल्यास त्याला माहिती कमी पडली असे समजून त्याला आणखी एक लेख वाचावयास दिला जातो. त्याला सासू नाही, शेजार नाही, सकाळची गाडी नाही, लहानपणीची जीभ नाही. भाकरी कोणी थापावयाची, हा प्रश्न त्याच्या घरात कधी निघत नाही. असा मनुष्य कादंबरीत कोणी रंगविला तर आपण ती कादंबरी निर्जीव म्हणून बाजूस ठेवू. निबंधात रंगविला म्हणून त्यात जीव येतो असे नाही.

असा उपदेश महाराष्ट्रात प्रथमच होत आहे असेही नाही. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे ठाणे मगनवाडीस होते, आणि हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ आणि हिरवा पाला यांचा पुरस्कार गांधीजी आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तेथूनच केला. आज 'शाश्वत' या विशेषणाने जो अर्थ दर्शविला जातो, तोच 'चिरस्थायी अर्थव्यवस्था' या कल्पनेत कुमारप्पांनी १९४५ साली मांडला. तो ग्रंथ त्यांनी तुरुंगात लिहिला. निसर्गातील व्यवहाराच्या परोपजीवनापासून निरपेक्ष सेवेपर्यंत पाच पायऱ्या कल्पून मनुष्याने वरच्या पायरीकडे चढावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आजच्या लेखकांहून त्यांचा विशेष असा की, त्यांनी खाणारा आणि पिकविणारा यांची ताटातूट केली नाही. हातसडीचा तांदूळ घेणाऱ्याने पोषण तर मिळवावेच, पण त्याच दाण्याबरोबर गावातल्या कोणाच्या तरी हाताला काम द्यावे, असा तो दुहेरी विचार होता.

तरीही हातसडीचा तांदूळ टिकला नाही. गिरणीचा तांदूळ स्वस्त होता, तो पांढरा होता, आणि पांढरेपणा ही सुस्थितीची खूण होती. शिवाय उखळ-मुसळाचे काम बायकांचे होते, आणि गिरणीने त्यांच्या खांद्यांवरचे ओझे उतरविले, ही गोष्ट त्या काळच्या पोषणविषयक लेखनात पुरेशा आदराने नोंदविली गेली नाही. ज्या सुधारणेचे श्रेय एकाने घ्यावे आणि श्रम दुसरीने करावेत, ती घरात फार दिवस नांदत नाही. आज तेच घाणीचे तेल शहरातील दुकानांत काचेच्या बाटलीतून चढ्या भावाने विकले जाते. विचाराचा हा विजय झाला असे क्षणभर वाटते. पण ज्या तेलासाठी कुमारप्पांनी गावच्या तेल्याचा विचार केला, ते आता ज्यांच्यापाशी पैसा आहे त्यांच्या प्रकृतीचा विचार म्हणून उरले आहे.

मग आपल्या आहारात गेल्या ऐंशी वर्षांत जे बदल खरोखर झाले, ते कशाने झाले? १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि धान्य कोणते खावे हे पुष्कळ घरांत आवडीऐवजी कार्ड ठरवू लागले. पुढे अमेरिकेच्या १९५४ च्या कायद्यान्वये परदेशी गहू येऊ लागला. साठीच्या दशकात आपल्याच देशात संकरित व बुटक्या जातींच्या गव्हाचे पीक वाढले, सरकारने त्याला भाव बांधून दिला, आणि जी पोळी मराठी मुलखाच्या मोठ्या भागात सणावारी होत असे ती रोजची झाली. १९७२ च्या दुष्काळात तांबडा मिलो आला. ती ज्वारीचीच जात. पण संकटात, रांगेत उभे राहून मिळालेल्या त्या धान्याबद्दल ज्यांनी ते खाल्ले त्यांच्या मनात कधी माया निर्माण झाली नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असा दर ठरविला. २०२३ पासून हे धान्य फुकट मिळू लागले. कागदावर भरड धान्य सर्वांत स्वस्त होते, दुकानात मात्र मुख्यतः गहू आणि तांदूळच मिळत राहिले. यांतला एकही बदल निबंध वाचून झालेला नाही. पुरवठा, भाव, प्रतिष्ठा आणि श्रम या चार गोष्टींनी आपली जीभ वळविली, आणि आपण ती स्वेच्छेने वळली असे मानून चाललो.

भाकरी मागे का पडली याचे कारण शोधताना तिची प्रकृतीही पाहावी लागते. ज्वारी-बाजरीच्या पिठाला गव्हाचा चिकटपणा नाही. म्हणून ते कढत पाण्यात मळावे लागते, भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते, आणि थापण्याचा हात लहानपणापासून बसावा लागतो. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, तेव्हा थोडे थोडे दळून आणावे लागते. शेतकरी शेतावर भाकरी नेतो ती कोरड्यासाबरोबर किंवा कांद्याबरोबर खाण्यासाठी. पण पहाटे पाचला उठून जिने दोन डबे भरावयाचे, आणि ज्याने सव्वा-दीड तास लोकलमध्ये उभे राहून मुंबई गाठावयाची, त्यांच्या व्यवहारात घडी घालता येणारी, दुपारपर्यंत मऊ राहणारी पोळीच सोयीची पडते. पोळीने भाकरीला हटविले त्यात रुचीइतकाच डब्याचा वाटा आहे, आणि 'भाकरी खा' असे सांगणाऱ्या लेखात डब्याचा उल्लेख नसेल, तर तो लेख ज्याच्यासाठी लिहिला त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही असे समजावे.

ही सर्व कारणे एका ठिकाणी पाहावयाची असतील तर कल्याणच्या पुढचे शहाड हे स्टेशन घ्यावे. एका बाजूस रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांनी बांधलेले विठ्ठलमंदिर, जवळून वाहणारी उल्हास नदी, मुरबाडकडे जाणारा रस्ता, आणि लागूनच उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांनी आपली भूमी, घरे, नदी हे सर्व मागे टाकले. पण साई भाजी बरोबर आणली. पालक, चुका, मेथी किंवा शेपू, थोडी चण्याची डाळ आणि घरात असेल ती भाजी एकाच भांड्यात शिजवून घोटावयाची, असा हा पदार्थ आहे. तज्ज्ञमंडळाने पुष्कळ पृष्ठे खर्चून जे सुचविले ते त्या एका भांड्यात सहज सापडते, आणि ते रांधणारीला आपण पृथ्वीवर काही उपकार करीत आहोत असे वाटत नाही. कमळाचे देठ, ज्यांना ते भें म्हणतात, तेही उल्हासनगरच्या बाजारात मिळतात. सिंधमधील तळी राहिली नाहीत, त्यांची चव राहिली.

याच भागात पावसाळ्याच्या आरंभी आदिवासी स्त्रिया रानभाज्या घेऊन बसतात: शेवळे, कंटोळी, टाकळा, भारंगी, कुर्डू. शेवळ्याने घसा खाजतो, म्हणून त्यात काकडांचा आंबट रस घालावा लागतो. ही एक बारीकशी गोष्ट ठाऊक नसेल तर भाजी टाकून द्यावी लागते. हे ज्ञान कोणत्याही वेष्टनावर छापलेले नसते. विकणारी ते विकत घेणारीला सांगते, आणि तेवढ्या संभाषणात एक सवय एका घरातून दुसऱ्या घरात जाते. परंतु त्याच डोंगरपट्ट्यात नाचणी आणि वरई ही पिके मागे पडत चालली आहेत. कारण वरकस जमिनीची मेहनत मोठी, उत्पन्न थोडे, दुकानात तांदूळ फुकट, आणि नाचणीची भाकरी म्हणजे गरिबीची निशाणी अशी समजूत. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे विचार करण्यासारखे काही हाती लागते. ज्यांची भूमी गेली त्यांनी आपले अन्न राखले, कारण त्या अन्नात त्यांना आपली ओळख दिसत होती. ज्यांची भूमी पायाखाली होती त्यांचे अन्न निसटू लागले, कारण त्या अन्नाची लाज बाळगावयास त्यांना आपणच शिकविले. भूमी गेली तरी चव जगू शकते, पण मान गेल्यावर ती जगणे कठीण. आता तीच नाचणी बिस्किटांच्या रंगीत पुड्यांतून शहरी माणसास आरोग्य म्हणून विकली जाते, तेव्हा तो मान कोणास परत मिळाला, हा प्रश्न या वाङ्मयाने विचारलेला माझ्या पाहण्यात नाही.

मानाचा प्रश्न निघाला म्हणजे आणखी एका दोषाकडे लक्ष जाते. आपल्याकडे शाश्वत आहार आणि सात्त्विक आहार यांची नकळत गल्लत होते, आणि जुन्या सोवळ्यास शास्त्राचा नवा पोशाख मिळतो. धान्य आणि कडधान्य यांचा भार पृथ्वीवर कमी पडतो हे खरे. पण दुधापासून केलेल्या पनीरचा भार अंड्याहून अधिक आहे हेही तितकेच खरे, आणि ते सांगताना लेखण्या अडखळतात. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या दृष्टीने फार मोलाचे आहे. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या स्वयंपाकाची हकीकत त्यात आहे. रानपाला, भरड धान्य, जनावराचा कोणताही अवयव वाया न दवडणे, वाळवून ठेवणे, हे सारे आजच्या भाषेत शाश्वत म्हणावे असे आहे. परंतु ते स्वीकारलेले नव्हते, लादलेले होते. काटकसर ही तपश्चर्या केव्हा असते आणि उपासमार केव्हा असते, हा भेद ते पुस्तक वाचल्यावर विसरता येत नाही. ज्याला पोट भरल्यावर कमी खावयाचे आहे आणि ज्याला आजवर पोटभर मिळालेच नाही, त्या दोघांस एकच प्रवचन ऐकविणे हे असभ्यपणाचे आहे.

येथे कोणी म्हणेल, उपदेशाने सवय बदलत नसेल तर आपल्या व्रतवैकल्यांचे काय? चातुर्मासात कांदा-वांगे वर्ज्य करणारी, श्रावणात मांसमच्छी सोडणारी घरे आजही पुष्कळ आहेत. कोळी बांधव नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पून पुन्हा होड्या लोटतात. माशांच्या विणीच्या हंगामात समुद्राला उसंत देणारी ती रूढी होती, आणि आज सरकारनेही १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी घातलेली आहे. यावरून व्रत यशस्वी का होते ते दिसते. त्याला आरंभ आणि अंत असतो. ते सर्व घर, सर्व आळी एकदम पाळते. आणि ते संपल्यावर गोडधोड असते. शाश्वत आहाराच्या उपदेशात यांतले एकही नसते. तो जन्मभराचा, एकट्याचा आणि निरानंद असतो. मी व्रतांचा कैवार घेत नाही. त्यांतील सोवळेओवळे आणि उपवासांचा भार बायकांवरच टाकण्याची वृत्ती यांचे समर्थन होणे नाही. पण मनुष्याच्या स्वभावाची जी ओळख त्या जुन्या व्यवस्थेत होती, ती नव्या वाङ्मयाने घेण्याजोगी आहे.

ही ओळख ज्या लेखनात आढळते, त्याला आपण वाङ्मय म्हणून क्वचितच मोजतो. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' निघाले, आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा'. वाटी आणि चमचा ही प्रत्येक घरात असलेली मापे 'रुचिरा'ने प्रमाण मानली, आणि आईपासून दूर संसार थाटलेल्या मुलींच्या हाती नेमके प्रमाण दिले. त्या पुस्तकाने किती घरांचे जेवण घडविले याची मोजदाद कोणी केली नसेल, परंतु आहारावरील शंभर निबंधांहून ते अधिक असणार यात मला शंका नाही. कारण उघड आहे. निबंध 'का' ते सांगतो आणि थांबतो. पाकपुस्तक 'कसे' ते सांगते, आणि पदार्थ जिभेवर उतरला म्हणजे 'का' विचारण्याची गरज उरत नाही. ज्याच्या आजीने कधी भाकरी थापली नाही अशा तरुणाने ती न मोडता कशी थापावी. आंबील किती पातळ असावी. उरलेल्या पोळीचा कुस्करा आणि उरलेल्या भाताला फोडणी हे कमीपणाचे न वाटता चवीचे कसे करावे. पहाटेच्या डब्यात नाचणी कोणत्या रूपाने बसते. आणि या सर्व खटाटोपात घरातील पुरुषाने कोणते काम उचलावे, हे सांगणारे पुस्तक जो कोणी लिहील, तो या विषयाची खरी सेवा करील.

एकट्या पुस्तकानेही भागणार नाही हे मी जाणतो. सवय सोबतीने लागते. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे लहान लहान संघ करून महिन्याचे सामान एकत्र मागविण्याची आणि वाटून घेण्याची जी पद्धत पाडली, ती या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तेथे ग्राहक एकटा नसतो; यादी भरताना त्याला शेजारीण काय मागविते ते दिसते, आणि सामान वाटून देताना तो स्वतः राबतो. अशा यादीत मुरबाडच्या डोंगरातील नाचणीला योग्य भावाने जागा मिळाली, आणि शिधावाटपाच्या दुकानात कायद्यातले भरड धान्य खरोखर मिळू लागले, तर पिकविणाऱ्याला तिची लाज वाटण्याचे कारण उरणार नाही. तेवढे झाल्यावर लेखकाने काय लिहावयाचे ते पुष्कळ सोपे होईल.

सारांश, शाश्वत आहाराच्या वाङ्मयाने पृथ्वीचा अभ्यास केला, पण स्वयंपाकघराचा केला नाही. त्याच्या आकड्यांशी माझा वाद नाही. वाद आहे तो त्याने कल्पिलेल्या माणसाशी. उद्याचे दुष्काळ आणि अवकाळी पाऊस यांच्या झळा ज्या डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याला सर्वांआधी बसणार, आणि ताट बदलावयाचे ठरल्यास ज्या स्त्रीला सर्वांआधी उठावे लागणार, त्या दोघांना विचारात घेतल्यावाचून लिहिलेला आहारविषयक लेख कितीही सशास्त्र असला तरी अर्धवटच समजला पाहिजे.